गंधमुक्ती झाली, आता मित्राकडे कधी जायचं?

मित्राच्या घरी कोणी गेल्याची बातमी हल्ली ग्रुपवरच कळते. कोणीतरी फोटो टाकतो, खाली अंत्ययात्रेची वेळ लिहितो आणि पुढच्या अर्ध्या तासात ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ची रांग लागते. त्यातले बरेच जण खरोखर हळहळलेले असतात. ज्याला जमतं तो मयतीला जातो, कोणी द्वारदर्शनाला जाऊन येतो, कोणी थेट गंधमुक्तीला, म्हणजे बारा-तेराव्या दिवशीच्या विधीला पोचतो. घोळ होतो तो त्यानंतर. पुन्हा जावं का? जाऊन बोलावं काय? आपण गेल्यानं त्याला जास्तच त्रास झाला तर? या विचारात महिना जातो, मग सहा महिने जातात, आणि बाजारात तो समोरून येताना दिसला की आपणच रस्ता बदलतो.

जळगाव-धुळ्याकडे हा प्रश्न मला वारंवार ऐकू येतो. विचारणारी माणसं चांगली असतात, त्यांना जायचंही असतं. अडतं ते एवढ्यावरच की शोकात माणसाला नेमकं काय होतं आणि आपल्या जाण्यानं त्यात काय फरक पडतो, हे कोणी कधी सांगितलेलं नसतं. ते इथे सांगतो. माझं म्हणणं आधीच मांडून ठेवतो: आपल्या रीतीभाती पहिले बारा-तेरा दिवस घर सांभाळतात. मित्राचं खरं काम त्यानंतर सुरू होतं.

पहिल्या दिवसांत घराला काय मिळतं

या रीतींना नुसती रूढी म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. पिठलं-भाकर शेजारून येते. बाया आत बसतात, पुरुष ओट्यावर नाहीतर मांडवात. घरच्यांना काहीही ठरवावं लागत नाही, कारण काय कधी करायचं हे भाऊबंदांना पाठ असतं. रात्री कोणी ना कोणी मुक्कामाला असतंच.

दारावर येणारा प्रत्येक माणूस विचारतो, ‘कसं झालं?’ आणि मुलगा पुन्हा पहिल्यापासून सांगतो. पहाटे छातीत दुखायला लागलं, गाडी काढली, एरंडोलपर्यंत बोलत होते. बघणाऱ्याला वाटतं, किती वेळा तेच तेच सांगायला लावतात याला! पण त्या सांगण्याला अर्थ आहे. अचानक आलेलं मरण मनाला एका दमात पटत नाही. तीच हकीगत वीस-पंचवीस वेळा स्वतःच्या तोंडून ऐकल्यावर ते हळूहळू खरं वाटायला लागतं.

मग गंधमुक्ती होते. सोयरे दुखवट्याचं कापड देतात, पंगत उठते, मांडववाला खुर्च्या टेम्पोत भरून नेतो. सुरतेचा भाऊ गाडी धरतो, बहिणी सासरी जातात. दुसऱ्या दिवशी घरात तेवढीच माणसं उरतात, ज्यांच्यातला एक जण कमी झालाय. गेले दोन आठवडे न पाहिलेली कामं आणि बिलं त्यांची वाट पाहत असतात.

दुःख पायरीपायरीनं उतरतं का?

शोकाच्या पाच पायऱ्या असतात असं तुम्ही कुठेतरी वाचलं असेल: आधी नकार, मग राग, मग देवाशी घासाघीस, मग खिन्नता आणि शेवटी स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ कुबलर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ साली केली. ती मुळात मागे राहिलेल्यांविषयी नव्हतीच. ज्यांना स्वतःचा मृत्यू जवळ दिसत होता अशा रुग्णांशी बोलून त्यांनी ती केली होती. शोकाला ती पुढे लावली गेली. मागे राहिलेली माणसं या पायऱ्या याच क्रमानं उतरतात, असं नंतरच्या अभ्यासांत काही दिसलेलं नाही. त्यामुळे ‘तुझा अजून राग गेला नाही का?’ असा हिशेब कोणी मित्राकडे मागू नये.

नेदरलँड्समधल्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली मांडलेलं चित्र मला जास्त खरं वाटतं. त्यांचं म्हणणं असं की शोकात मन दोन बाजूंमध्ये ये-जा करत राहतं. एका बाजूला गेलेलं माणूस असतं: त्याची आठवण, त्याच्यासाठी रडणं, त्याच्या वस्तू. दुसऱ्या बाजूला उरलेलं जगणं: पेरणी, पोरांच्या फिया, गेलेल्याची जी कामं आता आपल्यावर आली ती शिकणं. या ये-जा करण्याला ते दोलन म्हणतात.

हे कळलं की पुष्कळशा गैरसमजांचा उलगडा होतो. बाप जाऊन पंधरा दिवस झालेला माणूस सकाळी जिनिंगवर कपाशीच्या भावासाठी तावातावानं भांडतो, एखाद्या विनोदावर हसतो, आणि लोक म्हणतात, ‘याला काही वाटलंच नाही.’ त्याच संध्याकाळी तो खळ्यात बापाच्या चपला घेऊन बसलेला असतो. दोन्ही वेळेला तो खराच असतो. कामाकडे गेलेलं मन विसावा घेत असतं, आणि तो विसावा मिळाला नाही तर दुःख सोसायलाही बळ राहत नाही. म्हणून मित्रानं दोन्ही बाजूंना सोबत करावी. कधी आठवणी ऐकाव्यात, कधी क्रिकेटवर बोलावं.

शोक शरीरातही उतरतो. झोप तुटते, भूक मरते, गॅस बंद केला की नाही ते आठवत नाही, वाचलेली ओळ पुन्हा वाचावी लागते. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याच्याही मृत्यूची शक्यता वाढते, हे अनेक देशांतल्या नोंदींमधून दिसलेलं आहे. आबा गेले आणि आजींनी बीपीच्या गोळ्या घेणंच सोडून दिलं, असं आपल्याकडेही घडतं. त्या गोळ्यांविषयी सहज विचारणारं कोणी असलं तर फार उपयोग होतो.

नुसतं जाऊन बसल्यानं काय होणार?

‘मी काय डॉक्टर आहे का, की जाऊन त्याचं दुःख कमी करू?’ हा आक्षेप नेहमीचा आहे.

दुःख कमी करणं तुमच्याकडून कोणी मागतच नाही. माणूस शेजारी असला की शरीराला संकट पेलणं सोपं जातं, एवढंच पुरे आहे. अमेरिकेतल्या जेम्स कोअन यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा विवाहित स्त्रियांना विजेचा सौम्य झटका बसू शकतो असं सांगून त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. एकटं असताना मेंदूत भीतीची जी हालचाल दिसली, ती नवऱ्याचा हात हातात असताना उतरली. अनोळखी माणसाच्या हातानंही थोडा फरक पडला. झटक्याचा धोका तसाच होता. तो पेलायला एकटं राहावं लागलं नाही, एवढाच फरक. शोक आणि विजेचा झटका या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला मान्य आहे. पण रात्रभर मांडवात मुक्काम करणारे आपले लोक काय करत होते, ते यातून कळतं.

प्रश्न येतो तो किती वेळा जायचं याचा. गिरणेच्या कालव्यावर शेती करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. धरणातलं पाणी एकदाच सोडून दिलं तर रान चिबडतं आणि रब्बी वाळतो. आवर्तन लागतं. ठरावीक दिवसांनी, बेताचं, पण नक्की येणारं पाणी. मयतीला पाचशे माणसं आली हे मोठंच आहे. तिसऱ्या महिन्यात एक मित्र दर रविवारी अर्धा तास येतो, याची बरोबरी त्यानं होत नाही. अर्धा तासच बसा, पण ‘पुढच्या रविवारी येतो’ म्हणालात तर या.

‘मला बोलायला सुचत नाही’

न सुचणं चांगलं. ज्यांना भराभर सुचतं ते सहसा असं बोलतात: ‘चांगली माणसं देवालाही लवकर हवी असतात.’ ‘सुटले बिचारे.’ ‘रडू नको, तूच रडलास तर आईकडे कोण बघणार?’ ‘आमच्या काकांचं तर याहून वाईट झालं होतं.’ या प्रत्येक वाक्यात समोरच्याचं दुःख लवकर आवरतं घ्यायची घाई असते. ‘सुटले’ हा शब्द घरचे स्वतः म्हणाले तर ठीक. आपण आपल्या तोंडानं म्हणू नये.

‘काही लागलं तर सांग’ हे वाक्यही बाद करावं असं मला वाटतं. हेतू चांगलाच असतो, पण त्यात सगळं ओझं त्याच्यावर पडतं. काय लागतं ते त्यानं शोधायचं, कोणाला सांगायचं ते ठरवायचं, वर मागण्याचा संकोच गिळायचा. शोकातल्या माणसाला सकाळी अंघोळीला उठायचं कठीण जातं, तो कुठून सांगणार? त्यापेक्षा ‘उद्या पोरांना शाळेतून मी आणतो’ म्हणावं आणि आणावं.

बोलायचंच तर गेलेल्या माणसाचं नाव घेऊन बोला. ‘नाना मला नेहमी उसाच्या कांड्या द्यायचे’ अशी एक आठवण घरच्यांना दहा सुविचारांपेक्षा मोलाची असते, कारण त्यात त्यांना न माहीत असलेले नाना असतात. आणि काहीच सुचलं नाही तर आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या जिभाऊंसारखं करावं. ते दारावर गेले की ओट्यावर बसतात, पाणी पितात आणि म्हणतात, ‘काही बोलू नको भो, मी बठस आठे.’ म्हणजे, मी इथे बसतो. मग खरोखर बसतात.

कागदांचं काम कोण करतं?

शोकाबद्दल बोलताना याकडे फारसं कोणी वळत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. माणूस गेल्यावर त्याच्यामागे कागदांचा ढीग सुरू होतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत घरच्यांचं डोकं चालत नाही.

माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे. भडगाव तालुक्यातल्या एका घरातला कर्ता भाऊ चाळिशीच्या आत हृदयविकारानं गेला. गंधमुक्तीनंतरच्या आठवड्यात त्याचा शाळेपासूनचा मित्र आला. हातात कापडी पिशवी, तिच्यात रिकामी फाईल. चहा झाल्यावर त्यानं वहिनींकडे पासबुक मागितलं, खाटेवर बसून मे महिन्याचं पान काढलं आणि ओळीओळीवरून बोट फिरवत गेला. महिनाअखेरीच्या एका नोंदीवर बोट थांबलं: ४३६ रुपये वजा. ‘वहिनी, हा विमा आहे.’ वहिनींना त्याचा पत्ताच नव्हता.

प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा हा वर्षाचा हप्ता आहे. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला तो घेता येतो, ५५ पर्यंत चालू ठेवता येतो, आणि कोणत्याही कारणानं मृत्यू झाला तरी वारसाला २ लाख रुपये मिळतात. पासबुकात २० रुपयांची वजावट दिसली तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विम्याची; ती अपघाती मृत्यूसाठी, वयाच्या ७० पर्यंत, आणि तिचेही २ लाख. हप्ता खात्यातून आपोआप कापला जात असल्यामुळे कित्येक घरांना आपला विमा आहे हेच माहीत नसतं. शेतकरी अपघातानं, सर्पदंशानं किंवा विजेच्या धक्क्यानं गेला असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात सुरक्षा योजनेचा अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे करायचा असतो. याची मुदत थोडी असते, म्हणून ‘जरा सावरू दे, मग बघू’ म्हणत बसू नये.

बाकीचं तुम्हाला ठाऊक असेलच. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत, दाखल्याच्या चार-सहा प्रती काढून ठेवायच्या, तलाठ्याकडे सातबाऱ्यावर वारस नोंदीचा अर्ज, बँकेत वारसाचं काम, वीज मीटरवरचं नाव बदलणं. यातलं प्रत्येक काम छोटं आहे. पण प्रत्येक खिडकीवर ‘मयत’ हा शब्द नव्यानं उच्चारावा लागतो, म्हणून ते जड होतं. रांगेत शेजारी उभा राहणारा मित्र तो शब्द त्याच्याऐवजी उच्चारू शकतो. मात्र सही, पैसा आणि पासवर्ड यांना हात लावू नये. फाईल त्यांच्या घरी, त्यांच्याच कपाटात राहावी.

‘जखम पुन्हा उकलेल’

ती बंद झालेली नसतेच. तुम्ही वडिलांचा विषय काढला म्हणून त्याला वडील आठवले, असं होत नाही. सकाळपासून तो तेच घेऊन बसलेला असतो. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, विषय बदलू नका. त्याला बोलायचं नसेल तर तो स्वतःच दुसरं काही काढेल.

कोणाला खरोखर एकटं राहायचं असतं, तेही मानावं. दारावरूनच परत पाठवलं तर डबा देऊन निघावं आणि पुन्हा यावं. एकदा नको म्हणाला त्याचा अर्थ कायमचा नको असा लावू नये. सुरतेला, पुण्याला असणाऱ्यांनी फोन करावा, आणि ‘उत्तर नाही दिलंस तरी चालेल’ असं निरोपात लिहावं. न आलेल्या उत्तराचा राग धरू नये. आपण आठवण काढल्यानं समोरच्याला किती बरं वाटतं याचा अंदाज माणसं नेहमी कमीच करतात, असं पिट्सबर्ग विद्यापीठाच्या पेगी लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं. विशेष म्हणजे, ज्याला निरोपाची अपेक्षाच नव्हती त्याला तो जास्त भावला.

ज्यांच्या दारावर कोणी फिरकत नाही

काही दुःखांना आपल्याकडे मांडवच मिळत नाही. गर्भ पडला, बाळ पोटातच गेलं, तर बाई आठ दिवसांत कामाला लागते आणि ‘दुसरं होईल’ एवढंच ऐकते. जिवलग मैत्रीण गेली तर तुम्हाला सुतक नाही, म्हणून रजाही नाही. १९८९ साली केनेथ डोका या अभ्यासकानं अशा न मानल्या गेलेल्या शोकाकडे लक्ष वेधलं. तो मोजला जात नाही म्हणून हलका नसतो.

आत्महत्या झालेल्या घरी गर्दी तर होते, पण कुजबुजीसाठी. कपाशीच्या आणि कर्जाच्या या मुलखात अशी घरं फार आहेत. तिथे जाणाऱ्यानं ‘असं का केलं?’ हा प्रश्न बाहेर ठेवून जावं. तो प्रश्न घरच्यांना रात्रंदिवस छळतच असतो. गेलेल्याला त्याच्या मरणाच्या पद्धतीवरून आठवू नये; तो बैलजोडी कशी हाकायचा, भारूड कसं म्हणायचा, ते बोलावं.

आणि नवरा गेलेली मैत्रीण. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र काढून घेणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं करायला सांगितलं. ठराव कागदावर राहू नये असं वाटत असेल तर काम बायकांच्याच हातात आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिला बोलवा. नुसतं ‘ये’ म्हणून थांबू नका, तिला घ्यायला जा आणि सगळ्यांच्या मधोमध बसवा. तिला यायचं नसेल तर आग्रह नको, पण तिला वगळण्याचा निर्णय तुमचा नसावा.

डॉक्टरची गरज कधी?

बहुतेक माणसं आपल्या माणसांच्या आधारानं सावरतात. थोड्यांचा शोक मात्र अडकून राहतो: वर्ष उलटलं तरी ओढ रोज तितकीच तीव्र, कामधंदा बंद, आपणही जगायला नको असं वाटत राहणं. याला दीर्घकालीन शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तो आहे. तिथे किमान ६ महिन्यांचा निकष आहे, तर अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत मोठ्यांसाठी १२ महिन्यांचा. यावर बरेच जण चिडले की आता रडणंही आजार ठरवलं. तसं नाही. रडण्याला मुदत कोणी घातलेली नाही. जगणंच ठप्प झालेल्या माणसाला उपचार मिळावेत म्हणून ते नाव आहे.

मित्राच्या बोलण्यात मरणाचा विषय येत असेल तर सरळ विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना सांगा, डॉक्टरकडे सोबत जा. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीतून बोलता येतं.

‘आता फार उशीर झाला’

शेवटचा आक्षेप, आणि सगळ्यात जास्त मैत्र्या यातच बुडतात. वर्षभर गेलो नाही, आता तोंड कसं दाखवू?

पहिल्या वर्षातले जड दिवस आधीपासून माहीत असतात. वर्षश्राद्ध, वाढदिवस, पहिला पोळा. आपल्याकडे सगळ्यात जड पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाला झोके बांधलेले, आणि त्याच दिवशी गेलेल्याच्या नावानं पहिल्यांदा घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं. बापाशिवायच्या पहिल्या आखाजीला माहेरी आलेल्या मैत्रिणीला भेटायला उशीर कसा होईल? दुसऱ्या, तिसऱ्या वर्षीही होत नाही. तोवर बाकी सगळ्यांनी तो विषय सोडलेला असतो, म्हणून तेव्हा येणारा माणूस ठळक आठवतो.

गेल्यावर उशिराचं स्पष्टीकरण देत बसू नका. नाहीतर तोच तुम्हाला ‘असू दे रे’ म्हणत तुमची समजूत काढत बसतो. ‘तेव्हा यायला हवं होतं, आलो नाही’ इतकं एकदा म्हणा आणि लगेच विचारा, ‘आप्पांच्या विहिरीवरची मोटर आता कोण बघतं?’ तो सांगायला लागेल. चहा येईल. निघताना पुढचा दिवस ठरवा, वार सांगून.